कानाला मराठीचा रतीब: पॉडकास्टच्या १८ चटपटीत गोष्टी, थेट करोल बागेतून

करोल बागेत राहून रोज मराठी ऐकायला किती खर्च येतो? फोन आणि इंटरनेट हाताशी असेल, तर शून्य रुपये.

हे सांगायची गरज आहे, कारण या भागात मराठी माणूस बराच आहे. बीडनपुरा, रैगरपुऱ्याच्या गल्ल्यांमध्ये सोनं-चांदी गाळणारे सांगली-साताऱ्याकडचे गलाईवाले आहेत. लागूनच असलेल्या ओल्ड राजेंद्र नगरात यूपीएससीच्या तयारीला आलेली लातूर, बीड, सोलापूरकडची मुलंमुली आहेत. नोकरीनिमित्त दिल्लीत येऊन इथलीच झालेली जुनी घरं आहेत. सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन आहे. पण पॉडकास्टचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात: ‘ते लागतं कुठे?’ आणि ‘त्याला पैसे पडतात का?’ दोन्हींची उत्तरं खाली आहेत, आणि सोबत पॉडकास्टच्या दुनियेतल्या भन्नाट गोष्टीही.

१. रेडिओला वेळ पाळावी लागते, पॉडकास्टला नाही

रेडिओवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. त्या वेळी तुम्ही आंघोळीला गेलात की तो गेला. पॉडकास्ट हा आधी रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवलेला कार्यक्रम. सकाळी ऐका, रात्री ऐका, अर्धा आज आणि अर्धा परवा ऐका, नीट कळलं नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐका. पूर्वी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्या वाचल्या जात आणि अख्खा महाराष्ट्र त्या ऐके. आता पुण्या-मुंबईतल्या खोल्यांमध्ये रेकॉर्ड झालेलं मराठी दिल्लीत ऐकू येतं.

२. सबस्क्राइब करणं म्हणजे रतीब लावणं

दूधवाल्याला एकदा सांगितलं की रोज सकाळी पिशवी दारात येते, रोज फोन करावा लागत नाही. पॉडकास्टचं सबस्क्रिप्शन अगदी तसंच. एकदा बटण दाबलं की नवा एपिसोड आपोआप तुमच्या यादीत येऊन बसतो. फरक एकच: महिनाअखेरीला बिल येत नाही.

‘सबस्क्राइब’ या शब्दाने पैशांची शंका अनेकांच्या मनात येतेच. अ‍ॅपलने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या पॉडकास्ट अ‍ॅपवरच्या बटणाचं नाव बदलून ‘फॉलो’ केलं. स्पॉटिफायवरही ‘फॉलो’च आहे. काही कार्यक्रम जादा एपिसोडसाठी पैसे घेतात, पण तेव्हा रकमेचा आकडा समोर स्पष्ट दिसतो. तो दिसला नाही, तर बटण बिनधास्त दाबा.

३. सगळा खेळ एका ओळीचा

प्रत्येक पॉडकास्टच्या मागे एक साधी मजकुराची फाइल असते. तिला आरएसएस फीड म्हणतात. हा आरएसएस म्हणजे ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’. त्या फाइलमध्ये कार्यक्रमाचं नाव, चित्र, वर्णन आणि एपिसोडची यादी असते. प्रत्येक एपिसोडच्या नोंदीत ‘एन्क्लोजर’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यात तीनच गोष्टी असतात. पहिली, ऑडिओ फाइल इंटरनेटवर कुठे ठेवली आहे तो पत्ता. दुसरी, फाइलचा आकार, बाइटमध्ये, म्हणजे उदाहरणार्थ १४४०००००. तिसरी, फाइलचा प्रकार, बहुतेक वेळा एमपी३.

याशिवाय प्रत्येक एपिसोडला स्वतःची एक ओळखखूण असते. तुमचं अ‍ॅप ठरावीक वेळाने फीड तपासतं, ओळखखुणा ताडून पाहतं, आणि अनोळखी खूण दिसली की समजतं: नवा एपिसोड आला. मग तो यादीत येतो, आणि सेटिंग तसं असेल तर आपोआप डाउनलोडही होतो. शीर्षक बदललं तरी खूण तीच राहते, म्हणून जुना एपिसोड नवा म्हणून पुन्हा येत नाही.

४. पहिली फाइल गाण्याची होती

आरएसएसमध्ये ऑडिओ जोडायची ही सोय अमेरिकन प्रोग्रॅमर डेव्ह वायनर यांनी केली. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी ग्रेटफुल डेड या रॉक बँडचं गाणं फीडला जोडून ती चालते हे दाखवलं. वायनर यांच्याशी या कल्पनेवर आधी चर्चा करणारे होते अ‍ॅडम करी, एमटीव्हीचे एकेकाळचे निवेदक. ऑगस्ट २००४ मध्ये करी यांनी ‘डेली सोर्स कोड’ हा कार्यक्रम सुरू केला. ‘आयपॉडर’ हा प्रोग्रॅमही त्यांच्याच पुढाकारातला; तो नवे एपिसोड उतरवून थेट आयपॉड या गाणी ऐकायच्या छोट्या यंत्रात भरायचा. एक प्रोग्रॅमर आणि एक निवेदक: या जोडीमुळे पॉडकास्टचा जन्म झाला.

५. आयपॉड गेला, पॉडकास्ट राहिला

‘पॉडकास्ट’ हे नाव पहिल्यांदा छापून आलं फेब्रुवारी २००४ मध्ये, ‘द गार्डियन’मध्ये, बेन हॅमर्सली यांच्या लेखात. पुढच्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. ज्या आयपॉडवरून ते नाव पडलं, तो अ‍ॅपलने मे २०२२ मध्ये बंद केला.

६. दोन दिवस, दहा लाख

जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्स या प्रोग्रॅममध्ये पॉडकास्टची सोय दिली तेव्हा यादीत सुमारे ३,००० कार्यक्रम होते. पहिल्या दोन दिवसांत लोकांनी १० लाखांहून जास्त सबस्क्रिप्शन घेतली. २०१३ मध्ये हा आकडा १०० कोटींवर गेल्याचं अ‍ॅपलने जाहीर केलं.

७. अंतराळातूनही!

ऑगस्ट २००५ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातले अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन यांनी पृथ्वीभोवती फिरताना पॉडकास्ट रेकॉर्ड केला. अंतराळातून आलेला तो पहिला पॉडकास्ट.

८. अर्ध्या तासाला १५ एमबीसुद्धा नाही

‘डेटा संपेल’ ही भीती काढून टाका. हिशोब सोपा आहे. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएस दर्जात चांगला ऐकू येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी, मिनिटाला ४८० केबी आणि अर्ध्या तासाला साधारण १४.४ एमबी. वर एन्क्लोजरच्या ओळीत दिलेला १४४००००० हा आकडा म्हणजे नेमका असाच अर्ध्या तासाचा एपिसोड. दर्जा १२८ केबीपीएस असेल तर याच्या दुप्पट. रोज दीड-दोन जीबी डेटा देणारा रिचार्ज असेल, तर दिवसभर पॉडकास्ट ऐकूनही तो संपणार नाही.

व्हिडिओचं गणित मात्र वेगळं. तीच मुलाखत यूट्यूबवर पाहिली तर डेटा कितीतरी पटीने जास्त लागतो. फक्त ऐकायचं असेल तर ऑडिओच लावा.

९. राजीव चौक येण्याआधी डाउनलोड करा

करोल बागेचं मेट्रो स्टेशन उंचावर आहे. ब्लू लाइनचा हा भाग ३१ डिसेंबर २००५ ला सुरू झाला. नोएडाच्या दिशेने निघालात की खिडकीतून १०८ फुटी हनुमान दिसतो, मग झंडेवालान, मग रामकृष्ण आश्रम मार्ग, आणि त्यानंतर गाडी जमिनीखाली शिरते. राजीव चौकाच्या गर्दीत नेटवर्क डळमळलं की इंटरनेटवरून थेट चाललेला एपिसोड अडकतो, आणि तोही नेमका रंगात आलेला असताना.

उपाय रात्रीचा आहे. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो डाउनलोड’ चालू करा आणि ‘फक्त वाय-फायवर’ हा पर्याय निवडा. रात्री घरच्या किंवा पीजीच्या वाय-फायवर नवे एपिसोड उतरतात आणि सकाळी बोगद्यातही अखंड चालतात. ऐकून झालेले एपिसोड आपोआप पुसले जातील असंही सेटिंग असतं. तेही चालू करा, फोन भरणार नाही. आणि इअरफोन लावाच. शेजारच्या प्रवाशाने तुमचा पॉडकास्ट सबस्क्राइब केलेला नाही.

१०. लावायचं कसं? एका मिनिटाचं काम

*अँड्रॉइड फोन असेल तर:* प्ले स्टोअरवरून अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स किंवा स्पॉटिफाय घ्या. अँटेनापॉड पूर्णपणे मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि खातंही उघडावं लागत नाही. आईबाबांच्या फोनसाठी सगळ्यात सुटसुटीत.

*आयफोन असेल तर:* ‘पॉडकास्ट्स’ नावाचं जांभळं अ‍ॅप फोनमध्ये आधीपासूनच असतं.

*मग:* शोधायच्या चौकटीत कार्यक्रमाचं नाव टाका. देवनागरीत सापडलं नाही तर इंग्रजी अक्षरांत टाकून पाहा, कारण कार्यक्रमाची नोंद ज्या लिपीत केलेली असते त्या लिपीत तो पटकन सापडतो. कार्यक्रमाच्या पानावर जा. ‘फॉलो’ किंवा ‘सबस्क्राइब’ दाबा. झालं.

*नाव सापडलंच नाही तर:* कार्यक्रमाचा आरएसएस पत्ता मिळवा. अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स आणि अ‍ॅपलच्या अ‍ॅपमध्ये तो थेट चिकटवता येतो. स्पॉटिफायमध्ये ही सोय नाही. तिथे निर्मात्याने स्वतः नोंदवलेलाच कार्यक्रम दिसतो.

*यूट्यूबवर ऐकत असाल तर:* चॅनल सबस्क्राइब करून घंटा दाबा. साध्या यूट्यूब अ‍ॅपवर स्क्रीन बंद केली की आवाजही थांबतो. तो चालू ठेवायला पैसे भरून प्रीमियम घ्यावं लागतं. पॉडकास्टच्या अ‍ॅपला ही अडचण नाही. फोन खिशात टाका आणि चालू लागा.

‘गूगल पॉडकास्ट्स’ शोधत बसू नका. ते अ‍ॅप २०२४ मध्ये बंद झालं.

११. अ‍ॅप बंद पडलं तरी यादी तुमचीच

तुमची सबस्क्रिप्शनची सगळी यादी ओपीएमएल नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये बाहेर काढता येते. ती दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकली की सगळे कार्यक्रम जागच्या जागी. गूगलने अ‍ॅप बंद केलं तेव्हा ज्यांनी ही फाइल काढून ठेवली, त्यांना एकही कार्यक्रम नव्याने शोधावा लागला नाही. अँटेनापॉड आणि पॉकेट कास्ट्समध्ये हा पर्याय सेटिंगमध्येच ‘एक्स्पोर्ट’ या नावाने मिळतो. ओपीएमएलही डेव्ह वायनर यांचीच देणगी.

१२. मराठीत ऐकायचं काय?

बातम्यांसाठी बीबीसी न्यूज मराठीचा ‘तीन गोष्टी’. जगात काय चाललंय आणि का, हे निवांत समजून घ्यायचं असेल तर त्यांचाच ‘गोष्ट दुनियेची’. नाती, मन, आरोग्य, करिअर यांवर मोकळ्या गप्पा हव्या असतील तर ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’. कलावंतांच्या दिलखुलास मुलाखतींसाठी सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’. राजकारण, अर्थकारण आणि समाजावरच्या चर्चांसाठी विनायक पाचलग यांचं ‘थिंक बँक’. पुस्तकांच्या गप्पांसाठी ‘स्टोरीटेल कट्टा’.

स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीची ऑडिओबुक ऐकायला पैसे भरावे लागतात, पण गप्पांचा कट्टा मोफत आहे. आणि गावाकडचं केंद्र थेट ऐकायचं असेल, तर आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅपवर महाराष्ट्रातली केंद्रं लागतात.

दिल्लीत मराठीचा मोठा मेळा क्वचितच भरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा स्टेडियमवर झालं, करोल बागेपासून अगदी जवळ. याआधी दिल्लीत संमेलन भरलं होतं १९५४ मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. दोन संमेलनांमध्ये ७० हून जास्त वर्षं. तेवढी वाट पाहायला नको म्हणून तर रोजचं ऐकणं हवं.

१३. हात गुंतलेले, कान मोकळे

पॉडकास्टची खरी गंमत हात कामात असताना कळते. करोल बाग ही दिल्लीची सोन्याच्या दागिन्यांची मोठी बाजारपेठ. बँक स्ट्रीटवर झगमगती दुकानं आणि मागच्या गल्ल्यांमध्ये कारागिरांच्या खोल्या. दागिने घडवणारे बरेचसे बंगाली, आणि सोनं गाळून शुद्ध करणाऱ्यांमध्ये आपली खानापूर, आटपाडी, तासगावकडची माणसं. दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडून या मंडळींनी देशभर गलाईची दुकानं थाटली.

सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला. भट्टी पेटलेली आणि आम्लाचं काम चालू असताना लक्ष तिथेच हवं, तेव्हा कानात काहीच नको. पण हिशोब लिहिणं, वजनं टिपणं, दुकान आवरणं, गिऱ्हाइकाची वाट पाहणं, रात्री खोलीवर भाकरी थापणं, हा सगळा वेळ कानांचा आहे. डोळे स्क्रीनला न चिकटवता मिळणारी करमणूक आणि माहिती दुसरीकडे सहसा मिळत नाही.

१४. दीडपट वेग, एका तासाची ४० मिनिटं

ओल्ड राजेंद्र नगरातल्या अभ्यासू मंडळींचं हे आवडतं बटण. वेग दीडपट केला की ६० मिनिटांचा एपिसोड ४० मिनिटांत संपतो. बोलणाऱ्याचा आवाज चिरका होत नाही, कारण अ‍ॅप फक्त वेग वाढवतं, आवाजाची पट्टी तशीच ठेवतं. काही अ‍ॅप वाक्यांमधली शांततासुद्धा कापतात. २०१४ मध्ये आलेलं ‘ओव्हरकास्ट’ या सोयीसाठीच गाजलं.

सुरुवात सव्वापटीने करा, आठवड्याने दीडवर जा. चालू घडामोडींसाठी आकाशवाणीचा ‘स्पॉटलाइट’ आणि ‘द इंडियन एक्स्प्रेस’चा ‘थ्री थिंग्ज’ या वेगात छान कळतात. सारथी आणि बार्टीसारख्या महाराष्ट्र सरकारच्या संस्था विद्यार्थ्यांना तयारीसाठी दिल्लीला पाठवतात. त्या मुलांना खोलीवरून लायब्ररीत जाण्याच्या वाटेवर रोज एक विषय असा पदरात पाडून घेता येतो. गोष्ट किंवा कविता मात्र साध्या वेगातच ऐका. तिथे विरामालाही अर्थ असतो.

१५. गफ्फार मार्केट आणि एक कॉलर माइक

ऐकून ऐकून स्वतःचा पॉडकास्ट काढावासा वाटला, तर करोल बागेइतकी सोयीची जागा नाही. सरहद्द गांधी खान अब्दुल गफ्फार खान यांचं नाव लावणारा इथला गफ्फार मार्केट हा बाजार फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी उभा केला. आज तो मोबाइल आणि मोबाइलच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे.

सुरुवातीला हवा फक्त कॉलर माइक. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा नव्या मंडळींचा लाडका. त्याची वायर ६ मीटर लांब असते आणि मधल्या छोट्या डबीत एलआर४४ ही बटणाएवढी बॅटरी बसते. डबीवरचा खटका फोनसाठी एका बाजूला, कॅमेऱ्यासाठी दुसऱ्या बाजूला. हा माइक सगळ्या बाजूंचा आवाज घेतो, म्हणून पंखा बंद करूनच रेकॉर्ड करा. विकत घेण्याआधी दुकानातच आपल्या फोनला लावा, अर्धा मिनिट बोला आणि इअरफोनवर ऐकून बघा. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा जोड सोबत घ्या. पक्कं बिल मागा. आणि भाव करायला लाजू नका, इथे तो करायचाच असतो.

१६. दिल्लीची रजाई, घरचा स्टुडिओ

रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवरून परत येतो आणि रेकॉर्डिंग विहिरीतून बोलल्यासारखं येतं. महागडा फोम घ्यायची गरज नाही. दिल्लीच्या थंडीतली जाड कापसाची रजाई पाठीमागे टांगा, दारं-खिडक्यांना पडदे लावा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बोला. माइक हनुवटीपासून वीतभर खाली ठेवा. वेळ पहाटेची निवडा, कारण अजमल खान रोड जागा झाला की हॉर्न आणि फेरीवाल्यांचे आवाज येणारच.

रेकॉर्डिंग झालं की फाइल होस्टिंगवर चढवायची. स्पॉटिफायची होस्टिंग सेवा मोफत आहे. आरएसएस फीड तीच बनवून देते. कव्हरचं चित्र चौकोनी हवं, १४०० ते ३००० पिक्सेलच्या मापात. मग तो फीडचा पत्ता अ‍ॅपलकडे आणि इतर ठिकाणी एकदाच नोंदवायचा. पुढचा प्रत्येक एपिसोड सगळीकडे आपोआप पोहोचतो.

विषय शोधायला लांब जायला नको. ज्या हकीम अजमल खानांचं नाव रस्त्याला आहे, त्यांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन गांधीजींनी फेब्रुवारी १९२१ मध्ये केलं. ते कॉलेज करोल बागेतच उभं आहे. गलाईवाल्यांच्या स्थलांतरावर, पहाडगंजातल्या नूतन मराठी शाळेच्या आठवणींवर, फाळणीनंतरच्या गफ्फार मार्केटवर मराठीत एक-एक एपिसोड सहज होईल. घरातल्या आजोबांना फक्त माइक लावून बसवायचं आणि विचारायचं: तुम्ही दिल्लीला पहिल्यांदा आलात तेव्हा काय होतं इथे?

१७. झटपट चार

• डाउनलोड मोजायचाही नियम आहे. जाहिरात क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार किमान ६० सेकंदांचा ऑडिओ उतरला तरच एक डाउनलोड धरतात, आणि २४ तासांत त्याच फोनने तोच एपिसोड पुन्हा उतरवला तरी मोजणी एकच होते.

• गिनीज बुकने २००६ मध्ये ब्रिटिश विनोदवीर रिकी जर्व्हेस यांच्या पॉडकास्टची नोंद घेतली. पहिल्या महिन्यात त्याचे दर एपिसोडला सरासरी २,६१,६७० डाउनलोड झाले होते.

• २०१४ मध्ये आलेल्या ‘सीरियल’ या अमेरिकन मालिकेने एका जुन्या खून खटल्याची गोष्ट आठवड्या-आठवड्याने सांगितली आणि ती प्रतिष्ठेचा पीबडी पुरस्कार मिळवणारा पहिला पॉडकास्ट ठरली. २०२० पासून पुलित्झर पुरस्कारांतही ऑडिओ पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग आहे.

• ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय पॉडकास्ट दिन.

१८. पॉडकास्टचा मालक कोण? कुणीच नाही

ही या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. फेसबुकवर लिहायचं तर फेसबुकच्या परवानगीने, यूट्यूबवर दाखवायचं तर यूट्यूबच्या नियमांनी. पॉडकास्ट मात्र आरएसएस या खुल्या पद्धतीवर चालतो. ती कुणाच्या मालकीची नाही, तिचं भाडं कुणी घेत नाही, आणि कुणी एक कंपनी ती बंदही करू शकत नाही.

मालकी सांगायचा प्रयत्न झाला होता. ‘पर्सनल ऑडिओ’ नावाच्या अमेरिकन कंपनीने पॉडकास्टच्या कल्पनेवर आपलं पेटंट असल्याचा दावा केला आणि निर्मात्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने लोकांकडून वर्गणी गोळा करून २०१३ मध्ये त्या पेटंटला आव्हान दिलं. असे कार्यक्रम इंटरनेटवर त्याआधीपासून होते, याचे पुरावे त्यांनी मांडले. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचे ते दावे रद्द ठरवले. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तिथेही हरली, आणि २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. लोकांच्या वर्गणीतून लढलेल्या या लढाईमुळे आज विट्यातला किंवा करोल बागेतला मराठी माणूस कुणालाही एक पैसा न देता आपला कार्यक्रम जगभर पोहोचवू शकतो.

आता एवढं करा

वरच्या यादीतले कुठलेही तीन मराठी पॉडकास्ट आजच फॉलो करा. त्यातला एक आईबाबांच्या किंवा सासूसासऱ्यांच्या फोनवर लावून द्या आणि एपिसोड सुरू कसा करायचा हे शेजारी बसून दोनदा दाखवा. त्यांना डोळ्यांचा त्रास असेल, टीव्हीचा कंटाळा आला असेल, तर त्यांच्या दुपारी बदलतील.

आवडलेल्या कार्यक्रमाला अ‍ॅपमध्ये तारे द्या, दोन ओळींचा अभिप्राय मराठीत लिहा आणि एपिसोड एका तरी माणसाला पाठवा. मराठी पॉडकास्ट करणारी बरीच मंडळी नोकरी सांभाळून, पदरमोड करून हे काम करतात. प्रायोजक त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो ‘तुमचे फॉलोअर किती?’ हाच. तुमचं एक बटण त्या उत्तरात मोजलं जातं. म्हणून नुसतं ऐकू नका, फॉलो करूनच ऐका.